माईक हातात आला की घशाला कोरड पडते

मैत्रिणींनो, गेल्या अंकात इथे एक साधा प्रश्न टाकला होता, "मार्चच्या पहिल्या शुक्रवारी तुमच्या मंडळात साक्ष कोण देणार?" आणि त्यावर पत्रं, मेसेज, व्हॉइस नोट असा ढीग येऊन पडलाय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते चर्चच्या महिला मंडळात उभं राहून सांगणं, आणि मार्चचा पहिला शुक्रवार म्हणजे जागतिक प्रार्थना दिन. दर वर्षी एका वेगळ्या देशातल्या बायका त्या दिवसाची उपासना तयार करतात, २०२५ ला कुक आयलंड्सच्या बायकांनी केली होती, २०२६ साठी नायजेरियाच्या. त्यात त्यांच्याकडच्या बायकांच्या गोष्टी असतात, त्या आपण इथे मराठीत वाचून दाखवतो, छान वाटतं, आणि मग कुणीतरी म्हणतं "आता आपल्यातली एखादी बोला की", की लगेच सगळ्याजणी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागतात. तर यावेळचा कॉलम सगळा त्यावरच. नावं नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत, गावंही जिथे ओळख पटेल तिथे काढलीत.

ताई, सलाम. मी मूळची संगमनेरकडची, लग्न होऊन पुण्यात आले. सासूबाई महिला मंडळाच्या सेक्रेटरी आहेत आणि त्यांनी मला न विचारता साक्षीसाठी माझं नाव लिहून टाकलंय. प्रॉब्लेम असा की माझ्याकडे साक्षच नाहीये! ख्रिस्ती घरात जन्मले, संडे स्कूल, दृढीकरण (म्हणजे मोठं झाल्यावर विश्वासाची जाहीर कबुली), गायनवृंद सगळं ओळीने झालं, बाबा दारू पीत नाहीत, मला कधी मोठा आजार झाला नाही, स्वप्नात कुणी आलं नाही. मागच्या मीटिंगला एक काकू मरणाच्या दारातून कशा परत आल्या ते सांगत होत्या, सगळ्या रडत होत्या. त्यांच्यानंतर मी उभी राहून काय सांगू, माझा एफवायचा रिझल्ट?

नापास झाली होतीस का? मग नक्की सांग.

थट्टा सोड, पण तुझ्यासारखी पत्रं यावेळी सगळ्यात जास्त आलीत. आपल्याकडे साक्षीचा एक साचाच ठरून गेलाय, आधी सगळा अंधार, मग कुणीतरी प्रार्थनेला बोलावलं, मग एका रात्रीत सगळं बदललं, आणि शेवटी टाळ्या. ज्यांच्या बाबतीत खरंच असं झालं त्यांनी तसं सांगावं, माझं काही म्हणणं नाही. पण बाकीच्या त्या साच्यात आपलं आयुष्य कोंबायला जातात आणि मग एक तर गप्प बसतात नाहीतर थोडं तिखटमीठ लावतात. तिखटमीठ लावलेलं ऐकणारीला कळतं बरं का, ती फक्त तोंडावर बोलत नाही.

पंडिता रमाबाईंचं बघ. मुक्ती मिशनवाल्या रमाबाई, केडगावच्या, त्यांचा बाप्तिस्मा झाला १८८३ मध्ये, इंग्लंडात वाँटेजला, लहानगी लेक मनोरमा पण सोबत होती. आणि १९०७ च्या सुमारास त्यांनी स्वतःची साक्ष लिहिली त्यात त्या सरळ सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी मला कळलं की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त काही सापडला नव्हता. आठ वर्षं! आणि हे कधीची बाई सांगतेय, तर तोवर अख्खं जग तिला ओळखत होतं, कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हणून गौरवलेलं होतं, १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलेलं, दुष्काळातल्या किती मुली आणून सांभाळलेल्या. तिला सहज म्हणता आलं असतं की बाप्तिस्मा झाला आणि सगळं लख्ख दिसलं, कोण विचारणार होतं. नाही म्हणाली. मला त्या लिखाणातलं हे सगळ्यात जास्त धीर देणारं वाटतं, कारण दृढीकरण होऊनसुद्धा आतून काहीच वाटत नाही अशा कितीतरी पोरी आपल्या बाकावर बसलेल्या असतात आणि त्यांना वाटतं आपणच एकट्या खोट्या.

आमच्याकडे एक ताई आहेत, शाळेत डबे करायचं काम करतात. त्यांचा नवरा गेला त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मला तेव्हा प्रार्थना करताच येत नव्हती, डोळे मिटले की दवाखान्यातला तो पांढरा पडदा दिसायचा, म्हणून मी रोज रात्री उपासना संगीत, आपलं गीतांचं पुस्तक, उघडून एक गीत नुसतं वाचायचे, चाल न लावता, बिलाचा कागद वाचावा तसं, आणि झोपायचे. अजून गाता येत नाही पण वाचते रोज. एवढं बोलून खाली बसल्या. टाळ्या नाहीत काही नाहीत. पण मीटिंग संपल्यावर तीन बायका त्यांच्याभोवती उभ्या होत्या आणि त्यातली एक विचारत होती, कुठलं गीत वाचता?

तर तू असं कर. आयुष्य सांगू नकोस, एक गोष्ट सांग. लग्न होऊन नवीन घरात, नवीन चर्चमध्ये आलीस, पहिल्या रविवारी कुठे बसलीस, ओळखीचं गीत वेगळ्या चालीवर म्हटलं तेव्हा कसं झालं, आईची आठवण आली का, प्रार्थना कुणाची केलीस की नुसतीच चिडचिड केलीस. तीन-चार मिनिटं पुरतात. "माझा जन्म अमुक साली" पासून सुरू करायचं नाही आणि शेवटी बाकीच्यांना उपदेश करायचा नाही, त्यासाठी पाळकसाहेब आहेत. आणि नकोच वाटत असेल तर सासूबाईंना चहाच्या वेळी शांतपणे सांग की आई, यावेळी नको, पुढच्या वेळी मी स्वतःहून नाव देईन. सेक्रेटरी मंडळींना माझी पण हात जोडून विनंती आहे, न विचारता नावं लिहू नका हो.

ताई, मी मंडळात माझ्या मिस्टरांच्या दारूबद्दल बोलले. आठ-दहा जणीच होत्या, सगळ्या ओळखीच्या. त्यांची दारू आता बरीच कमी झालीये म्हणून आनंदाने सांगितलं. कुणीतरी मोबाईलवर रेकॉर्ड केलं आणि ते फिरत फिरत यांच्या ऑफिसातल्या एका माणसाच्या बायकोपर्यंत गेलं. आता हे माझ्याशी बोलत नाहीत, चर्चला येणं बंद केलंय आणि परत प्यायला लागतील अशी भीती वाटते. मी साक्ष दिली ते चुकलं का?

तू बोललीस ते चुकलं नाही, ज्या बाईने तुला न सांगता मोबाईल चालू ठेवला तिचं चुकलं, आणि ज्यांनी "बघा किती छान साक्ष" म्हणून पुढे पाठवलं त्यांचं पण. त्यांना वाटतं आपण प्रभूचं काम करतोय. फॉरवर्ड करायला काय लागतं.

पण एक गोष्ट सांगते, रागावू नकोस. गोष्ट तुझी होती तशी त्यांची पण होती. नवऱ्याची दारू, मुलाचं नापास होणं, नणंदेचं मोडलेलं लग्न, हे आपण आपलं म्हणून सांगतो पण त्यात दुसऱ्या माणसाची अब्रू असते आणि तो तिथे बसलेला नसतो. पुढच्या वेळी आधी घरी विचारायचं, "मी हे सांगू का?" आणि नाही म्हणाले तर फक्त आपली बाजू सांगायची, म्हणजे मी रात्री जागी कशी असायचे, मला राग कसा यायचा, तो राग घेऊन मी प्रभुभोजनाला कशी गेले. यात कुणाचं नाव घ्यावं लागत नाही आणि ज्या बाईच्या घरी तेच चाललंय तिला बरोबर कळतं.

आता लगेच काय करायचं, तर मिस्टरांना सांग की मला माफ करा, मी तुम्हाला न विचारता बोलले. एवढंच. "पण मी तर चांगल्यासाठीच" असं पुढे जोडायचं नाही, जोडलं की माफी वाया. चर्चला चला म्हणून मागे लागू नकोस, ज्या माणसांसमोर आपली शोभा झाली असं वाटतं तिथे जायला वेळ लागतो. आणि दारूची भीती वाटते म्हणतेस तर अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट, त्यांच्या मीटिंगा बऱ्याच शहरांत मराठीतून होतात, फी नसते, आणि तिथे नावासकट कुणाचं काही बाहेर जाऊ द्यायचं नाही हा त्यांचा पहिल्यापासूनचा नियम आहे. घरच्या लोकांसाठी अल-अॅनॉन म्हणून वेगळे ग्रुप असतात, तू तिथे जा, ते आले नाहीत तरी तू जा. आपल्या मंडळांनी तो नियम त्यांच्याकडून घ्यावा असं मला फार वाटतं. मीटिंग सुरू झाली की सगळ्यांचे मोबाईल एका टोपलीत, प्रार्थना झाली की परत.

लग्नाला अकरा वर्षं झाली, मूल नाही. ट्रीटमेंट सगळ्या करून झाल्या. प्रत्येक उपवास प्रार्थनेला कुणीतरी उभी राहते आणि सांगते की प्रार्थना केली आणि देवाने मुलगा दिला, एकीला तर जुळी झाली. मग सगळ्या माझ्याकडे वळून बघतात आणि नंतर माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. मला त्या बायकांचा राग येत नाही पण घरी येऊन मी आजारी पडते. जाणं बंद करू का? विश्वास कमी पडतोय का माझा?

नाही. विश्वास कमी पडत नाहीये. ज्यांना मुलं झाली त्यांचा विश्वास मापात जास्त भरला म्हणून झाली असं बायबलमध्ये कुठेही नाही, आणि असं कुणी तुला म्हणालं असेल तर ते माणसाचं बोलणं आहे.

हन्नाची गोष्ट सगळे सांगतात, १ शमुवेल पहिला अध्याय, पण ती शेवटाकडून सांगतात, मुलगा शमुवेल झाला म्हणून. मधला भाग कुणी थांबून वाचत नाही. ती वर्षानुवर्षं मंदिरात जातेय, सवत टोचून बोलतेय, नवरा म्हणतोय मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का (नवरे तेव्हापासून असंच बोलतात), ती जेवत नाही, आणि ती ओठ हलवत रडत प्रार्थना करतेय तर तिथला याजक एली तिला म्हणतो बाई तू दारू प्यायलीस का! म्हणजे देवाच्या घरात बसलेल्या माणसाला सुद्धा दुःखी बाई ओळखता आली नाही. तुझ्याकडे वळून बघणाऱ्या बायका वाईट नाहीत, एलीसारख्याच आहेत.

आणि स्तोत्रसंहिता ८८ वाच. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी वळतात, तरी मी तुझी स्तुती करीन वगैरे. हे वळत नाही, अंधारातच संपतं. तरी ते बायबलमध्ये ठेवलंय, कुणी काढून टाकलं नाही. पौलाने शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनवणी केली आणि काटा निघाला नाही, हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय, २ करिंथ १२. ज्या प्रार्थनेला हवं ते उत्तर आलं नाही तिची पण साक्ष असते आणि पौलाची तशीच आहे.

जायचं का? काही महिने नाही गेलीस तरी काही बिघडत नाही. आणि जाशील तेव्हा मंडळाच्या बाईंना आधीच सांगून ठेव, माझ्यासाठी प्रार्थना करायची असेल तर घरी करा, सगळ्यांसमोर डोक्यावर हात ठेवू नका. हे सांगणं उद्धटपणा नाही. एखाद दिवशी वाटलं तर उभी राहून फक्त एवढंच सांग की मला अजून उत्तर मिळालेलं नाही आणि मी अजून इथे येते. त्या खोलीत अशी तू एकटी नसशील हे मी पैजेवर सांगते, कुणाची मुलगी घटस्फोट घेऊन घरी बसलीये, कुणाचा मुलगा फोन उचलत नाही, त्या सगळ्या जुळ्यांच्या साक्षीला टाळ्या वाजवून घरी जातात.

आमच्या ग्रुपमधल्या एका मावशींनी साक्ष दिली की त्यांनी विश्वासाने शुगरच्या गोळ्या सोडल्या आणि आता ठणठणीत आहेत. ते ऐकून माझी आई पण गोळ्या घेत नाहीये. काही बोललं की म्हणते तुझा विश्वास नाही.

आईला आज, म्हणजे हे वाचून झाल्यावर लगेच, डॉक्टरकडे ने. शुगर वाढलेली लगेच जाणवतेच असं नाही, माणूस ठणठणीत वाटतो आणि आत डोळे, किडनी, पायाच्या नसा यांचं नुकसान चालू असतं. एचबीएवनसी म्हणून रक्ताची टेस्ट असते तिच्यात मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर कळते, ती करून घ्या आणि कागद आईच्या हातात द्या. त्या मावशींनी पण करावी. खरंच नॉर्मल आली तर डॉक्टर स्वतः गोळी कमी करतील आणि मग ती साक्ष आणखी पक्की होईल, नाही का?

आणि आईला सांग, शुभवर्तमान लिहिणारा लूक, त्याला पौल 'प्रिय वैद्य' म्हणतो. मिरजेचं वानलेस हॉस्पिटल मिशनऱ्यांनी १८९४ ला काढलं ते काय विश्वास कमी होता म्हणून? मला तर आयडा स्कडरची गोष्ट आठवते. तिकडे तमिळनाडूत मिशनरी डॉक्टरची मुलगी, स्वतःला काही मिशनरी व्हायचं नव्हतं, अमेरिकेत परत जायचं होतं. एका रात्री तीन वेगवेगळ्या घरचे पुरुष आले, एक ब्राह्मण, एक मुसलमान, एक आणखी हिंदू, तिघांच्या बायका बाळंतपणात अडलेल्या, आणि तिघांनाही पुरुष डॉक्टर चालत नव्हता, बाईच पाहिजे होती. हिला डॉक्टरकी येत नव्हती. सकाळपर्यंत तिघीही गेल्या. त्या रात्री तिने ठरवलं, जाऊन डॉक्टर होऊन आली, १९०० ला वेल्लोरला एका खाटेपासून दवाखाना सुरू केला आणि १९१८ ला बायकांसाठी मेडिकल स्कूल. आजचं सीएमसी, म्हणजे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, ते तेच. तिची साक्ष तिला औषधापासून लांब नाही, औषधाकडे घेऊन गेली. मंडळ चालवणाऱ्यांना सांगते, गोळ्या सोडल्याची साक्ष माईकवर येऊ देऊ नका. कुणाला वाईट वाटलं तर वाटू दे.

माझा नवरा मारतो. सगळ्यांना माहीत आहे. एका वक्त्या बाईंनी साक्ष दिली की त्यांनी वीस वर्षं सहन केलं, क्षमा केली आणि नवरा बदलला. आता सगळे मला तेच सांगतात.

बाई, त्यांचं जे झालं ते त्यांचं. ते तुझ्यासाठी औषधाची चिठ्ठी नाही. क्षमा करणं आणि मार खात राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लांब राहूनही क्षमा करता येते. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, जीवाची भीती वाटली तर ११२. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली तुला त्याच घरात राहायचा हक्क मागता येतो, त्याने जवळ यायचं नाही असा आदेश मागता येतो, आणि संरक्षण अधिकारी यात मदत करतात, त्यांना भेटायला वकील लागत नाही. मारल्याच्या खुणा असतील तर सरकारी दवाखान्यात दाखवून कागद कर. कपडे, आधार कार्ड, मुलांचे दाखले आणि थोडे पैसे एका विश्वासू बाईकडे ठेव. साक्षीचं नंतर बघू. तू परत लिही मला, छापणार नाही.

नमस्कार, मी ख्रिश्चन नाही. माझी शेजारीण फार जीव लावते, तिच्या घरी बायकांची प्रार्थना असते तिथे ती बोलावते, त्या बायका आपापले अनुभव सांगतात म्हणे. मला ऐकायला आवडेल पण सासरचे काय म्हणतील, आणि गेले तर मला पण त्यांच्यातलं व्हावं लागेल का असं वाटतं.

जा की, तुम्ही हळदीकुंकवाला तिला बोलावता तेव्हा ती येतेच ना? ऐकायला जायचं, चहा घ्यायचा, केक असेल तर दोन तुकडे खायचे. घरी सांगून जा, लपूनछपून नको, लपवलं की साध्या गोष्टीचा पण संशय येतो. कुणी "तुमच्यासाठी प्रार्थना करू का" विचारलं तर हो किंवा नको जे वाटेल ते स्पष्ट सांगा, दोन्ही उत्तरं चालतात. आणि कुणी घाई करायला लागलं, सह्या, पैसे, वचनं असलं काही, तर उठून घरी या. शेजारणीला मात्र मी सांगेन की तुम्ही आलात म्हणून त्या दिवशीच्या साक्षीत "मी मूर्तिपूजा सोडली आणि सुखी झाले" असला सूर कुणी लावू नये. पाहुणीला समोर बसवून तिच्या देव्हाऱ्याबद्दल बोलायचं ही कुठली रीत.

ताई, मी बावीसची आहे, यूट्यूबवर अमेरिकेतल्या, आफ्रिकेतल्या बायकांच्या टेस्टिमनी बघते, भारी असतात पण आपलं काहीच वाटत नाही. कारमध्ये बसून रडतात वगैरे. आपल्या मराठी बायकांचं असं जुनं काही आहे का?

अगं पोरी! लक्ष्मीबाई टिळक. शाळेत धड्यात एखादा उतारा आला असेल आणि तू प्रश्नोत्तरं पाठ करून विसरली असशील. 'स्मृतिचित्रे' पहिल्यापासून वाच, पहिला भाग १९३४ ला आला. रेव्हरंड ना. वा. टिळकांची बायको, म्हणजे आपण चर्चमध्ये ज्यांची भजनं म्हणतो ते टिळक. त्यांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई सोबत नव्हत्या. पुढची पाच-एक वर्षं नवरा एकीकडे आणि ही बाई पोराला घेऊन दुसरीकडे, आणि त्या काळात त्यांची काय अवस्था झाली ते त्यांनी लपवलेलं नाही. मग परत एकत्र आले तरी काही दिवस यांचं सोवळं वेगळं, स्वयंपाक वेगळा. ज्या घरात त्या वाढल्या तिथे वडिलांच्या सोवळ्यापायी बाजारातून आलेला किराणासुद्धा धुवून घरात घ्यायचे, त्या बाईने हळूहळू, स्वतः विचार करून जातपात सोडली आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याने ओढून नेलं नाही.

आणि हे सगळं सांगताना हसवते गं ती! टिळकांचा विसरभोळेपणा, घरातले पैसे कुणालाही देऊन टाकायचे आणि मग चूल कशी पेटवायची, नवरा-बायकोची भांडणं, कविता. शाळेत न गेलेली बाई. टिळकांचं 'ख्रिस्तायन' अर्धं राहिलं ते पुढे बरंचसं तिनेच लिहिलं. संतपणाचा आव कुठेही नाही. मला विचारशील तर कारमध्ये रडणाऱ्या बायकांपेक्षा हिला दहा मार्क जास्त, कारण ती स्वतःला हसू शकते.

दुसऱ्या रमाबाई, वर लिहिलंच आहे. त्यांचं एक आणखी सांगते. इंग्लंडात सिस्टर लोकांनी, म्हणजे धर्मभगिनींनी, त्यांना लंडनजवळ फुलहॅमला नेलं, तिथे समाजाने टाकलेल्या बायकांना त्या सांभाळत होत्या. रमाबाईंना नवल वाटलं, या बायकांना एवढ्या मायेने का वागवता? तेव्हा एका सिस्टरने त्यांना योहानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला, विहिरीवरची शोमरोनी बाई. म्हणजे बघ, पाच नवरे झालेली एक बाई घागर तिथेच टाकून गावात सांगायला पळते, आणि अठराशे वर्षांनी तिची गोष्ट ऐकून आपली एक मराठी बाई हलते आणि घरी येऊन दुष्काळातल्या, टाकलेल्या, विधवा पोरींसाठी केडगाव उभं करते. केडगाव पुणे-दौंड लाइनवर आहे, लोकल गाडीने जाता येतं. ग्रुपने जा आणि बघून या.

आणि 'ज्ञानोदय' मासिक नगरला १८४२ ला सुरू झालं, त्याचे जुने अंक कुठल्या चर्चच्या कपाटात असतील तर वाळवीच्या आधी तू त्यांना गाठ.

मी वसईची. आमच्यात साक्ष असं काही नसतं, आम्ही कॅथलिक. ऑक्टोबरमध्ये घरोघरी रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, असते आणि नंतर बायका बसून बोलतात. ते चालेल का तुमच्या कॉलमात?

चालेल म्हणजे काय, तेच तर. माईक नाही, नाव लिहून घेणारी सेक्रेटरी नाही, रेकॉर्डिंग नाही. रोझरीनंतर ओसरीवर जे बोलणं होतं त्यातलं एखादं लिहून पाठवा, ज्यांचं आहे त्यांना विचारून. हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेला सप्टेंबरमध्ये जाऊन आलेल्या कुणी असतील तर त्यांनी पण लिहा, चालत गेलेल्या असाल तर पायाच्या फोडांसकट.

सलाम बाई. मी राहुरीकडच्या खेड्यातली, वय सत्तरच्या पुढं. मला लिहिता येत नाही, नातू टाईप करून राहिलाय. मला लई सांगायचंय, दुष्काळाचं, माझ्या सासूचं, बाळ गेलं त्याचं. पण मी उभी राहिले का पोरी तोंडाला पदर लावून हसतात, माझं बोलणं गावठी आहे म्हणून. पाळक चांगले आहेत, पण ते बी म्हणतात आजी थोडक्यात.

आजी, सलाम. येशूचं थडगं रिकामं आहे हे आधी बायकांनीच येऊन सांगितलं, आणि ऐकणाऱ्या प्रेषितांना ते निव्वळ बडबड वाटलं, लूकाने चोविसाव्या अध्यायात तसं स्पष्ट लिहून ठेवलंय. त्या बायका पण काही पुस्तकी बोलत नसतील. तुम्ही तुमच्याच बोलीत बोला, एक शब्द बदलू नका. पोरी हसतात त्या त्यांच्या आज्ज्या असंच बोलायच्या हे विसरल्यात म्हणून.

मंडळात थोडक्यात सांगा, पाळकांचं पण बरोबर आहे, मागे चाळीस बायका आणि दुपारची एसटी असते. पण सगळं सांगायचं असेल तर नातवाजवळ सांगा. बाळा, हे तुझ्यासाठी लिहितेय. रोज संध्याकाळी थोडंच, अर्ध्या तासाच्या वर नको, आजी दमते. पंखा बंद कर नाहीतर नुसता घर्रर्र आवाज येतो. फोन फ्लाइट मोडवर टाक. "तुझी साक्ष सांग" असं म्हणू नकोस, त्याने ती भाषण करायला लागेल, विचार की तुझी सासू दुष्काळात खडी फोडायला जायची तेव्हा तू घरी काय करायचीस, त्या दिवशी चुलीवर काय होतं. बाळाचं मात्र तू विचारू नकोस, तिला वाटेल तेव्हा ती सांगेल, आणि तेव्हा मधे बोलू नकोस. फाईलला तारीख घालून ठेव. टाईप करताना तिचं 'लई' काढून 'खूप' केलंस तर मी छापणार नाही.